चौथ्या बाकाचे प्याले

डिसेंबरच्या एकतीस तारखेला दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी किल्लीवाले चर्चमागच्या खोलीत सिंकवर वाकून प्रभुभोजनाचे प्याले धूत होते. उपासनेत माणशी एक घोट द्राक्षरस द्यायचे अंगठ्याएवढे काचेचे प्याले, साबण जरा जास्त झाला की बोटांतून निसटणारे. किल्लीवाले बरीच वर्षं चर्चची राखण करतात आणि याच खोलीत राहतात. जुडगा सदैव कमरेला, म्हणून हे नाव. खरं नाव आता बहिणीशिवाय कुणाच्या तोंडी नाही.

ट्रेमध्ये प्याले लावताना ते मोजत नसत. मनातल्या मनात पहिल्या बाकापासून चालत निघायचे आणि एकेक माणूस आठवत एकेक प्याला खाचेत ठेवायचे. हा शिंपीमामांचा, हा त्यांच्या सुनेचा, हा खोकणाऱ्या मास्तरांचा. ट्रे भरेपर्यंत सगळ्यांसाठी प्रार्थनाही होऊन जाई. प्याला कधी कमी पडला नव्हता.

यंदा मात्र मंडळीच फुटली होती. जुन्या पाळकांची, म्हणजे धर्मगुरूंची, बदली ज्यांना पटली नाही, ते ऑगस्टमध्ये भर उपासनेतून उठून गेले आणि शाळेच्या सभागृहात वेगळे जमू लागले. त्यांत किल्लीवाल्यांची थोरली बहीण होती. आई गेल्यापासून वर्षाचं पहिलं प्रभुभोजन दोघं चौथ्या बाकावर शेजारी बसून घेत. त्या रविवारी ते तिच्या मागोमाग बाहेर पडले नाहीत, तेव्हापासून बोलणं बंद.

आणि आता तीच दारात उभी होती.

"ये ना ताई, बस."

"बसायला आले नाही. उद्या आमचंही प्रभुभोजन आहे, प्याले नाहीत. तुमच्याकडे निम्मे पडूनच राहणार. दे, धुऊन परत आणते."

"सचिवांना विचारावं लागेल."

"विचार बाबा. तू चर्चचा घरजावई. सासऱ्याला विचारल्याशिवाय शिंकही देणार नाहीस."

"चेष्टा नको. खोली त्यांची आहे. काढलं तर जाऊ कुठे?"

"माझ्याकडे," ती म्हणाली. मग पदर सावरत, "एवढे महिने कुणी विचारलंच नाही म्हणा." आणि गेली.

किल्लीवाले पुन्हा कामाला लागले. डोक्यात ताईचं बोलणं घोळत होतं. हात आपल्या सवयीने बाकांवरून चालले होते. चार वाजता चर्चचे सचिव आले, तेव्हा सगळे ट्रे काठोकाठ भरलेले.

"हे कुणासाठी? एवढी माणसं भाड्याने आणताय का?"

"हात सवयीने गेला, साहेब."

"अहो, निम्मे बाक रिकामे. काढा जादाचे."

"ताई आली होती. त्यांना प्याले हवेत उद्यापुरते."

"मला वाटलंच." सचिवांनी आवाज चढवला नाही. "इथली वाटीसुद्धा बाहेर जाणार नाही. गेली, तर किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवायच्या आणि खोली रिकामी करायची. वाईट वाटून घेऊ नका."

ते गेल्यावर किल्लीवाल्यांनी प्याले काढायला घेतले. नुसती संख्या त्यांना जमेना. पुन्हा पहिल्या बाकापासून निघावं लागलं, आणि ज्यांच्यासाठी मघाशी प्रार्थना केली त्यांना एकेक करून उठवावं लागलं. शिंपीमामा राहिले, सून गेली. दुसऱ्या बाकावरचं दूधवाल्याचं अख्खं घर गेलं. चौथ्या बाकापाशी ते अडले.

पाच महिने रोज सकाळी त्यांनी देवाकडे एकच मागितलं होतं, ताईशी समेट होऊ दे. ती आपल्या पायांनी दारात आली, तर हे सचिवांची परवानगी काढत बसले. हे मनात ठेवून उद्या प्याला ओठाला कसा लावायचा?

त्यांनी ताईचा प्याला काढला. बाजूला काढलेले सगळे प्याले धुवट पंच्यात गुंडाळून बाजाराच्या पिशवीत घातले आणि पिशवी दाराशी ठेवली. स्वतःचा प्याला ट्रेमध्ये ठेवावा की पिशवीत, हे मात्र ठरेना. तो टेबलावरच राहिला. नंतर किती तरी वेळ ते खोलीभर नजर फिरवत बसले. खाट, स्टोव्ह, खुंटीवरचा कोट. न्यायला फार काही नव्हतं, पण न्यायची वेळ आली तर बहिणीच्या दोन खोल्यांत ते ठेवायचं कुठे, हाही प्रश्न होताच.

उद्या शाळेतली उपासना सातला आहे, चर्चमधली साडेनऊला. चर्चचं दार नेहमीप्रमाणे सहाला उघडायचं आहे. तिथून शाळेपर्यंत चालत दहा मिनिटं लागतात.