मॅडमनी काढून घेतलेला ब्रिज

राजोपाध्ये मॅडम आमचं काम डोळे मिटून तपासत. कॅप बसवण्यासाठी आम्ही घासलेल्या दाताचा प्लास्टरचा नमुना हातात घ्यायचा, डोळे मिटायचे आणि कडेवरून तर्जनी फिरवायची. बोट अडलं की नमुना परत. "डोळ्यांना सगळं गुळगुळीतच दिसतं गं," म्हणायच्या. आम्ही जयपूरच्या सीतापुऱ्यातल्या डेंटल कॉलेजात शिकत होतो आणि त्या बोटाला परीक्षेपेक्षा जास्त घाबरत होतो.

मॅडम मूळच्या सांगलीच्या. नवरा फौजेत कर्नल, म्हणून जयपूरला आलेल्या. माझे वडील इथे विमा कंपनीत, म्हणून मी जयपुरातच वाढलेली. माझं मराठी निम्मं हिंदीत बुडालेलं, आणि ते उपसून काढणं हे मॅडमनी आपलं जादा काम मानलं होतं. "मतलब मतलब काय करतेस? म्हणजे म्हण की!"

सिरॅमिक त्या शिवणकामाच्या भाषेत शिकवत. "कुर्त्याच्या बाजूचा काप कुठून फाटतो? कोपऱ्यातून. सिरॅमिकचंही तेच. दाब कितीही सोसेल, ताण सोसत नाही. दाताला टोकदार कड ठेवलीत, की चावताना सगळा ताण तिथे गोळा होणार आणि चीर तिथूनच जाणार. कड गोल करा, ताण पसरू दे." हे आम्हाला झोपेतही म्हणता आलं असतं.

आणि एकदा त्यांच्याच हातून टोकदार कड राहिली.

पूजा चारदीवारीत, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या जयपुरात राहणारी. स्कूटरवरून पडून तिचा पुढचा दात गेला होता आणि लग्न तोंडावर आलं होतं. दोन्ही बाजूंचे दात मॅडमनी स्वतः घासले. लॅबमधून सिरॅमिकचा ब्रिज, म्हणजे त्या दोन दातांच्या आधाराने बसणारा तीन दातांचा सलग तुकडा आला, मॅडमनी तो नुसताच लावून पाहिला. इतका सुरेख, की आरशात बघून पूजा हसली आणि तिची आई रडली. आता फक्त सिमेंट लावायचं होतं. मॅडमनी सवयीने घासलेल्या दातांच्या नमुन्यावरून बोट फिरवलं आणि ते वरच्या कडेशी थांबलं. त्यांनी पुन्हा फिरवलं. मग ब्रिज काढून घेतला.

विभागप्रमुख सर शेजारीच होते. हळूच म्हणाले, "मॅडम, बिठा दीजिए. अंदर कौन देखेगा?"

मॅडम सरळ पूजाकडे वळल्या. "बेटा, गलती मेरी है. किनारा मैंने ही तीखा छोड़ दिया. यह आज बैठ जाएगा, पर बाद में टूट सकता है. किनारा गोल करूँगी तो यह ढीला पड़ेगा, इसलिए नया बनवाना पड़ेगा. वह शादी के बाद ही आएगा. तब तक प्लास्टिक का."

आईचा चेहरा उतरला. "शादी में नकली दाँत, डॉक्टर साहब?"

"शादी में प्लास्टिक चल जाएगा, माँजी. ससुराल में नहीं चलेगा."

पूजाने आरसा खाली ठेवला. "फोटो में पता चलेगा?"

"बिल्कुल नहीं. बस लड्डू तोड़कर खाना."

पूजा म्हणाली, "नया बना दीजिए." मॅडमनी लगेच हातमोजे बदलले. मी शेजारी उभी होते. त्यांनी तिथेच कड गोल करायला घेतली.

लग्न झालं, नवा ब्रिज बसला. जुना सरांनी कॉलेजच्या यंत्रात एकदा दाबून पाहिला, माणूस चावेल त्याहून अधिक जोराने. तो तुटला नाही. सरांनी ही गंमत मनात जपून ठेवली आणि कर्नलसाहेबांची बदली झाल्यावर मॅडमच्या निरोपसमारंभात सगळ्यांसमोर बाहेर काढली. "मॅडम, आपका वह ब्रिज तो टूटा ही नहीं!"

मॅडम मनापासून हसल्या. "सर, एक ही बार चबाना होता, तो मैं भी वही बिठा देती."

सगळे हसले, सर तर सगळ्यांत मोठ्याने. मला मात्र रडू आवरेना. दात घासायला शिकवणारे पुष्कळ भेटले असते. पण आपली चूक कोणाला दिसायच्या आत पेशंटला कशी सांगायची, हे आता आम्हाला कोण करून दाखवणार होतं?