खालच्या मजल्यावरचा उपवास
पहिल्याच भेटीत मी त्यांचं कपाळ पुसलं.

आमच्या सुभानपुऱ्यातल्या सोसायटीत ते तळमजल्यावर, माझ्या बरोबर खाली, नुकतेच राहायला आले होते. कपाळावर काळा डाग दिसला. कोयलीच्या रिफायनरीतला माणूस, काजळी लागली असणार, म्हणून मी शेजारधर्माने रुमाल काढून डाग स्वच्छ पुसला. ती राख होती. उपवास सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, सकाळीच चर्चमध्ये पाद्रीबाबांनी लावलेली.

त्यांनी डोळे मिटले, मिशीचं टोक चावलं आणि इकडच्या गुजरातीत म्हणाले, “चालशे. उपवास आहे.”

नगरकडचे मराठी ख्रिस्ती. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस त्यांचा उपवास असे, पण जेवत दोन्ही वेळा. नेम एकच, कुणावर ओरडायचं नाही. “उपाशी राहणं सोपं हो. पोट ऐकतं. शेजारी ऐकत नाहीत.”

एरवी माझ्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या पेपरावर ठिबकलं की अख्ख्या सोसायटीला कळायचं. “ओ वरचे! खाली माणसं राहतात!”

तुमच्यासारख्या सुज्ञांनी ते चाळीस दिवस जपून काढले असते. मी नेमका तेव्हाच भिंतींना भोकं पाडून घेई, टाकी धुऊन घेई. “लाज कशी वाटत नाही?” बायको विचारी. साधकाला छळणारा कुणीतरी लागतोच. ती सेवा मी विनामूल्य करत होतो.

“येशूला वाळवंट मिळालं,” ते वर बघून म्हणत, “मला तुमची गॅलरी.”

तरी नेम कधी पुरा झाला नाही. एका वर्षी मात्र शेवटचा शनिवार उजाडला, संध्याकाळ झाली. एक रात्र काढली की जिंकले. मी मोगऱ्याला पाणी घातलं आणि ते थेट ईस्टरसाठी वाळत घातलेल्या त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

“ओ वरचे!”

वाकून पाहिलं तर ओला सदरा मांडीवर घेऊन ते पायरीवर बसलेले.

“गेला हो यंदाही,” स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

सकाळी तोच सदरा घालून केकची ताटली घेऊन वर आले. मी माफीची जुळवाजुळव करतोय, तर म्हणाले, “खा हो. तुम्ही नसता तर मी स्वतःला संतच समजलो असतो.”

कुंड्यांखाली ठेवायला बशा आणायच्या, असं मी तेव्हाच ठरवलं. माझं ठरवणं म्हणजे तुम्हाला कल्पना आलीच असेल. दिवाळी गेली, आणि एका दुपारी हृदयविकाराने तेही गेले. खाली कुलूप लागलं.

पुढच्या राखेच्या बुधवारी मी बाजारातून मातीच्या बशा आणल्या. प्रत्येक कुंडीखाली एकेक ठेवली, पाणी घातलं. थेंबही खाली गेला नाही. मी वाकून बघत राहिलो. पायरी कोरडी.

बायको मागे येऊन उभी होती. ती म्हणाली, “एक बशी काढा हो. थोडं सांडू दे.”