एक बोटभर मऊ

पत्र्याच्या भिंतीपलीकडे आमचे हे आणि धाकटे दीर भांडत होते, ते मी भाकरी थापता थापता ऐकलं. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. "पेडलवर पाय माझा आहे," हे ओरडत होते, "कडक झालं की नाही ते मी सांगेन. तू कोण नट आवळणारा?" आदल्या दिवशी भाऊजींनी घाईने नट आवळला होता, आणि ब्रेक न लागून गिऱ्हाईक फाटक घेऊनच बाहेर पडलं होतं.

त्या दिवसापासून गॅरेजात नियम झाला. ब्रेकमधली हवा काढताना एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी वाकून नट सैल करायचा, नळीतून तेल आणि बुडबुडे बाटलीत येऊ द्यायचे, मग नट आवळायचा आणि तेव्हाच पाय सोडायचा. हवा गेली की पेडल पायाला कडक लागतं, पण "कडक" हा शब्द पेडलवाल्याचा. नटवाल्याने तो मुकाट मानायचा आणि मग गाडी स्वतः उतारावरून फिरवून आणायची.

हे गेल्यावर पेडलवर माझा पाय आला. शाळा मी दोन इयत्ता केली, पण तो पाय शिकलेला निघाला. भाऊजी म्हणत, "वहिनींच्या पायाचा अंगठा म्हणजे मोठ्या साहेब लोकांचं यंत्र." बिनलग्नाचा माणूस, कौतुक करायला दुसरं कोण होतं घरात? फेरीहून येताना खालच्या बेकरीतून पाव आणायचे, आणि उताराच्या वळणावर ब्रेक लागला की एकदा हॉर्न द्यायचे. तो ऐकला की मी चहाचं आधण ठेवायची.

त्यांनी पाना कायमचा ठेवून दिला तो दिवस सांगते.

दाताच्या डॉक्टरांची जुनी गाडी होती, त्यांच्या वडिलांच्या वेळची. तिला ब्रेकचा नवा मास्टर सिलेंडर बसवला होता. सकाळपासून आम्ही हवा काढत होतो. आधी लांबचं चाक, मग जवळचं.

"दाबा."

"दाबलं."

"सोडा."

दुपारपर्यंत पेडल छान वर यायला लागलं होतं. मग भाऊजी सिलेंडरवरच्या डबीत ब्रेकचं तेल ओतायला आले. मी काचेतून बघत होते. तेल डबीच्या तोंडाशेजारून खाली सांडत गेलं. त्या तेलाने रंग उडतो, एक थेंब सांडला तरी हा माणूस घर डोक्यावर घ्यायचा. आज ते ओतत राहिले, झाकण लावलं आणि परत चाकाशी वाकले.

मी उतरून ओल्या फडक्याने पत्रा पुसला. डबी जवळजवळ कोरडी होती. ती मी भरली, पण तोवर आत हवा ओढली गेलीच असणार. पुन्हा बसून दाबलं, तर पाय एक बोटभर खाली गेला. मऊ. ओल्या मातीत रुतावा तसा.

"बुडबुडे थांबले," चाकाशी वाकलेले भाऊजी म्हणाले. बाटली डोळ्यांना टेकेल इतकी जवळ धरली होती त्यांनी. मग कधी विचारत नसत ते विचारलं, "झालं ना, वहिनी?"

आणि मी म्हटलं, "कडक."

त्यांनी किल्ली घेतली तशी मी गाडीच्या दाराशी गेले. म्हटलं, "भाऊजी, आज पाव नको. कालचा आहे."

"कालचा काल संपला."

"मग मी येते बरोबर."

"पेडल तुम्ही दाबलंत, शेजारी बसणारही तुम्हीच. मी काय नुसता हॉर्न वाजवायला?"

हसले आणि गेले. एक वाक्य होतं, जिभेवर आलेलं. ते सांगायचं तर तेलाचं सांगावं लागलं असतं, आणि तेलाचं सांगायचं तर डोळ्यांचं. मी फाटकाशी उभी राहिले. गाडी उतारावर दिसेनाशी झाली. हॉर्नची वेळ झाली. टळली. रस्त्यावरचं कुत्रं उठलं, अंग झटकून परत बसलं. मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे सांगत नाही, अजून सगळं फिटलेलं नाही.

मग हॉर्न आला. बारीक, उशिराचा.

गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगत वर आली आणि हँडब्रेकवर थांबली. पाव बगलेत धरून भाऊजी उतरले. शर्ट पाठीला चिकटला होता.

"वळणावर तीनदा दाबावं लागलं," ते म्हणाले.

मी पाव घ्यायला हात पुढे केला.

"दोन वर्षं झाली, बुडबुडे दिसत नाहीत मला. तुमच्या पायावर चाललं होतं सगळं." चाकाशी पडलेला पाना त्यांनी उचलून खिळ्याला अडकवला. "उद्या चौकातल्या मिस्त्रीला बोलवा. गाडी त्याला करू दे."

मी आधण ठेवलं. त्यांनी हात धुतले, नेहमीसारखा पाव कापला, आणि मला आवडतो तो कडेचा तुकडा माझ्या बशीत ठेवला.