भाऊजींचा ठणठणीत फोन

मुलांनो, कुठल्याही वस्तूला म्हातारपणी टाकायचं नाही, असा निश्चय करूनच जन्माला आलेला माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. तुमच्या आजोबांचे हे मावसभाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणते. त्यांच्या घरातला पंखा लग्नात आहेर म्हणून आलेला. तो कुरकुरतो असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "वहिनी, या वयात मी पण कुरकुरतो. मला काढून टाकता का?" छत्रीचं कापड दोनदा आणि काड्या एकदा बदलल्या, तरी छत्री तीच आहे असं ते शपथेवर सांगतात. दसऱ्याला पान्हे, पक्कड आणि स्कूटर यांच्या ओळीत त्यांचा मोबाइलही पूजेला असतो. गेल्या दसऱ्याला ओलं हळदकुंकू त्याच्या चार्जिंगच्या भोकात गेलं आणि फोन चार्ज होईना. भाऊजींनी तो दिवसभर तांदळाच्या डब्यात पुरला, दाढीच्या ब्रशाने झाडला, आणि संध्याकाळी तो जिवंत झाल्यावर आपट्याचं पहिलं पान त्यालाच दिलं.

त्या फोनवर त्यांचा एवढा जीव, कारण त्यात रोज सकाळी आक्का दिसते. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, गंगापूरला मुलाकडे असते, नव्वदीला टेकली आहे. कान पार गेलेले, त्यामुळे साधा फोन तिच्या कामाचा नाही. ती ओठ बघून बोलणं ओळखते. तिकडे ती बशीत चहा ओतते, इकडे भाऊजी ओततात. "लई वाळलास रे बाळ्या. जेवतोस का नाय?" ती विचारते. "जेवतो गं!" भाऊजी ओरडतात. तिला ऐकू येत नाही हे त्यांना ठाऊक आहे, तरी ओरडतात, आणि भाऊजी जेवल्याचं साऱ्या इमारतीला कळतं.

एक दिवस फोनवर सूचना आली, की महिनाअखेरीनंतर व्हिडिओ कॉलचं हे अ‍ॅप या फोनवर चालणार नाही. भाऊजी तडक पैठण गेटच्या मोबाइलच्या दुकानात गेले. मी माझ्या फोनची काच बदलायला तिथेच बसले होते.

"चाचा, फोन एकदम फर्स्ट क्लास है," दुकानदार तो उलटापालटा करून म्हणाला. "पण कंपनीनं अपडेट देणं कधीच बंद केलंय. नवं अ‍ॅप याच्यावर बसंना."

"म्हणजे बिघडलाय?"

"बिघडला नाय. कंपनीनं सोडून दिला."

"धडधाकट माणसाला उचलून स्मशानात न्यायचं व्हय रे?" भाऊजी कडाडले. "आपल्या नळाला पाणी आठवड्यानं का होईना, येतं. याला ते पण नाय?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. दुकानदाराने भाऊजींसाठी चहा मागवला, पण दुसरा इलाज त्याच्याकडे नव्हता. "मी त्या कंपनीपुढे वाकणार नाही," असं जाहीर करून भाऊजी घरी आले, आणि महिना संपताच अ‍ॅप खरोखरच बंद पडलं.

त्या सकाळी मी त्यांना माझ्या फोनवरून कॉल लावून दिला. आक्काने फोन उचलला, पडद्यावर माझा चेहरा पाहिला आणि ती रडायलाच लागली. "काय झालं गं माझ्या बाळ्याला? तू का फोन केलास?" भाऊजी मला बाजूला सारून पुढे आले. "मी हाय, आक्का! मला काय बी झालं नाय!" पण तिचे डोळे भरून आलेले, तिला ओठच दिसेनात. सुनेने येऊन तिचे डोळे पुसले तेव्हा कुठे तिला भाऊजी दिसले. तोवर दोन्हीकडचा चहा निवून गेला होता.

भाऊजी उठले आणि त्यांनी दुकानात जायला स्कूटर काढली. मी मागून रिक्षाने गेले, त्या स्कूटरवर माझा विश्वास नाही. मी पोचले तेव्हा दुकानदाराने दोन फोन पुढे ठेवले होते.

"चाचा, हा घ्या, स्वस्त हाय. दोन साल अपडेट मिळतील."

"आणि हा?"

"ह्याला सात साल. पण लई महाग पडंल. तुम्हाला एवढा कशाला?"

कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी तासभर वाद घालणारे भाऊजी क्षणभरही थांबले नाहीत. "सातवाला दे."

"भाऊजी," मी हळूच म्हटलं, "सध्या दोनचा पुरे की. पुढचं पुढे बघू."

ते रुमालाने त्या नव्याकोऱ्या खोक्यावरची नसलेली धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, "दोनचा घेतला, तर आक्काला दोनच वर्षं दिल्यासारखं होईल, वहिनी."

मी दोनवाला फोन दुकानदाराकडे परत सरकवला. त्याने सातवाला सुरू करून दिला.

नव्या फोनचा पडदा मोठा आहे. आक्का त्यात फार जवळ दिसते, आणि ती किती थकली आहे तेही दिसतं. पहिल्या सकाळी भाऊजी नुसते बघतच राहिले. "असा काय बघतोस? पी की रे," ती म्हणाली, तेव्हा त्यांनी बशी उचलली.