हौसाबाईंचा होकार

परवा रक्त घ्यायला आलेल्या मुलीने हाताला स्पिरिट लावलं आणि त्या वासाने मला रेकॉर्डिंगची खोली आठवली. रोजच्या घडामोडींवरच्या रेडिओ कार्यक्रमासाठी मी मुलाखती घेत असे आणि स्पिरिटच्या बोळ्याने टेपमशीन पुसत असे.

तेव्हा धायरीत आयटीवाल्यांसाठी इमारती उठत होत्या. हौसाबाईंच्या मुलांनी शेत बिल्डरला दिलं होतं. गोठ्याशेजारी बसून मी त्यांना विचारलं, "जमीन दिलीत, ती मनापासून ना?" त्या शेताकडे बघत राहिल्या. टेप फिरत राहिली. मग म्हणाल्या, "व्हय."

कार्यक्रम लांबत होता, म्हणून मी मधली शांतता ब्लेडने कापून टेप जोडली. रेडिओवर माझा प्रश्न संपतो न संपतो तोच त्यांचं "व्हय" आलं. गाव म्हणू लागलं, म्हातारी विकायला टपलीच होती.

आठवड्याने त्या शेंगांची पिशवी घेऊन स्टुडिओत आल्या. "सायेब, म्या कुठं लगीच व्हय म्हनले? किती येळ गप बसले हुते!"

"मशीन बिघडलं होतं हो," मी म्हणालो.

"मंग तुमचा काय दोष? मशीनच ते." मलाच धीर देत त्यांनी शेंगा टेबलावर ओतल्या. "खावा. लई वाळलाय तुमी."

मशीन बिघडलं नव्हतं. हौसाबाई आता नाहीत, पण त्यांच्या भावकीला कळावं म्हणून लिहितो: होकार देण्याआधी त्या अकरा सेकंद गप्प होत्या. मी ते घड्याळ लावून मोजले होते, कारण मला नेमके तेवढेच वाचवायचे होते.