भिंतीकडे तोंड

आमच्या सोलापूरच्या सॉफ्टवेअर ऑफिसात टीमला मिळून काम करायला शिकवणारा एक कोच येतो. मूळचा जवळच्याच मैंदर्गी गावचा. बूट दाराशीच काढतो. कुणी काही सांगितलं की "बरं, मग?" एवढंच विचारतो आणि समोरचा पुढं बोलेपर्यंत मार्करचं टोपण टकटक वाजवत राहतो. त्या आवाजानंच माझं डोकं उठतं.

टीम लीड मी आहे. रोज सकाळी सगळे उभे राहून कालचं काम सांगतात, तेही माझ्याकडं बघून, हजेरी दिल्यासारखं. एकदा तो म्हणाला, "सर, तुमी जरा भिंतीकडं तोंड करून उभं ऱ्हावा की."

राहिलो. मागं टोपणाची टकटक सुरू झाली. मग माझ्याशी कधी धड न बोलणारी टेस्टिंगची मुलगी शेजारच्याला म्हणाली, "तुझ्यामुळं माझं काम अडलंय."

"मग सांगायचंस की!"

सगळे हसले. मी भिंतीचे पोपडे बघत होतो.

काल कोच आला नाही. मी आपणहून भिंतीकडं वळलो. "बरं, मग?" असंही म्हणालो. मागं कुणीच बोलेना. शेवटी तीच मुलगी म्हणाली, "सर, ते उद्या येणारेत ना?"