मास्कखालची दाढी

बायको गरोदर असली की नवऱ्याने दाढी करायची नाही, हा आमच्या घरात कायद्याच्या वरचा कायदा. आधीचं बाळ सहाव्या महिन्यात पोटातच गेलेलं. तेव्हा मी नोकरीला लागलो नव्हतो. या खेपेला आई डोळ्यांत तेल घालून माझ्या दाढीवर पहारा देत होती. नव्वदनंतरची ती वर्षं. आम्ही ठाण्यात कोपरीला राहायचो आणि मी फायर ब्रिगेडमध्ये होतो. साहेबांनी दोनदा टोकलं, दाढीवर धुरात घालायचा मास्क नीट बसत नाही म्हणून. मी पट्टे करकचून आवळायचो आणि वेळ मारून न्यायचो.

त्या दुपारी बाळकुमला चिंध्यांच्या गोदामाला आग लागली. मी नि माझा जोडीदार आत शिरलो. हवेच्या लोखंडी सिलिंडरचं ओझं खांद्यांत रुतत होतं, गुडघे भरून आले होते आणि श्वास जोर लावून ओढावा लागत होता. पण मास्क चढला की बाहेरचा गलका विरून जायचा. आपलाच श्वास तेवढा ऐकू यायचा. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. घामाने काच धुरकटायची आणि आपण खाडीच्या तळाशी सावकाश चालतोय असं वाटायचं.

त्या दिवशी तोंडात जळक्या कापडाची चव आली. दाढीच्या केसांतून धूर आत झिरपत होता. कळत होतं, पण घाई म्हणून वाटत नव्हती. पाय मऊ पडले होते. पलीकडे कुठेतरी पाळणा हलतोय असं वाटलं आणि मी तिकडे वळलो. जोडीदाराने मला पट्ट्याला धरून दारापर्यंत फरफटत नेलं.

घरी आलो तेव्हा गालांवर पट्ट्यांचे वळ होते आणि खोकलं की काळं पडत होतं. बायकोने विचारलं, मी दाढीसकट सगळं सांगून टाकलं. आई म्हणाली, देवानेच राखलं, आता शेवटचा महिना तर उरलाय. बायको कमरेवर हात ठेवून उठली. तिने पाणी तापवलं, ब्रश आणि रेझर आणला, मला स्टुलावर बसवलं. आई तिला अडवायला पुढे झाली.

"आई, मागच्या वेळी यांनी दाढी ठेवलीच होती ना?"

आई आत गेली. बायकोने माझ्या गालाला साबण लावला. मग एक हात पोटावर ठेवून दुसऱ्याने रेझर उचलला. मी मान वर करून बसलो आणि गोदामात जराही न वाटलेली भीती मला तिथे, त्या स्टुलावर वाटली.